कुंपण आणि शेत

दिवाळी अंक हाती आला म्हणजे आपण प्रथम काय करतो? मुखपृष्ठ न्याहाळतो, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवितो, कुणी पाहत नाही अशी खात्री करून वार्षिक राशिभविष्य उघडतो आणि मग सावकाश पाने चाळू लागतो. चाळता चाळता जे पहिल्याने नजरेत भरते ते कथा नव्हे, कविता तर नव्हेच नव्हे; नजरेत भरतात त्या जाहिराती. साड्या, सोने, केसांचे तेल, चिवड्याचा मसाला, बँकेची ठेव आणि निवृत्तीनंतरचे टुमदार घर. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. या साऱ्या काळात मराठी दिवाळी अंकाच्या घरात लक्ष्मी आली ती बव्हंशी जाहिरातीच्याच पावलांनी. ती पावले उमटली नाहीत तर हे सदर लिहावयाला मला जागाही उरणार नाही. तेव्हा आज मी जाहिरातींविषयी लिहावयाचे ठरविले आहे, ते त्यांच्याशी दावा मांडण्यासाठी नव्हे. ज्याच्या घरी जेवावे त्याला आमटीत मीठ कमी आहे एवढे सांगणे शिष्टाचारात बसते, असे मी धरून चालतो.

मी शिकवितो मराठी. त्यामुळे जाहिरातीतल्या हसऱ्या चेहऱ्यापेक्षा तिच्यातल्या शब्दांकडे, आणि शब्दांतही अगदी बारक्या शब्दांकडे माझे लक्ष जाते. ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ हे वाक्य घ्या. यातले ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय. व्याकरणात ते बिचारे दुसऱ्या शब्दाला चिकटून कसेबसे जगते. दुकानात मात्र साऱ्या व्यवहाराचे मालक तेच असते. पन्नास टक्के सूट असते ती कोपऱ्यातल्या रुमालांना, आणि आपल्या घरच्या माणसाने ज्या साडीवर हात ठेवावा तिला पाच टक्के. तरीही जाहिरात खोटी नाही! तेलाची बाटली केस वाढवीत नाही; ती केसांच्या वाढीस ‘मदत करते’. मदत किती, हे विचारणे म्हणजे मदत करणाराचा उपमर्दच. आणि या सर्वांच्या तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, ‘अटी लागू’. त्या अटी वाचावयाच्या तर चष्मा बदलावा लागतो, आणि चष्म्याच्या दुकानाच्या जाहिरातीतही त्याच अक्षरांत तेच दोन शब्द असतात.

विनोद सोडून द्या. साडीत फसलो तर चार पैसे गेले, एवढ्यावर भागते. पण मधुमेह ‘मुळापासून’ घालविणारे औषध, मुलाला हमखास डॉक्टर करणारा क्लास, दामदुप्पट देणारी ठेव, यांत फसलो तर संसाराची घडी विस्कटते. म्हणून प्रश्न असा की, जाहिरात खोटी आहे हे ठरवावयाचे कुणी? सरकारने? न्यायालयाने? की जाहिरातदारांनी आपल्या आपल्यात नेमलेल्या पंचांनी? हा प्रश्न दिसतो तितका कोरडा नाही. त्यावर आपल्याकडे आणि परदेशांतही न्यायालयांत भांडणे झाली आहेत, आणि त्या भांडणांचा धागा थेट आपल्या माजघरातल्या दूरदर्शन संचापर्यंत येऊन पोहोचला आहे.

आपल्याकडची कथा मुंबईत सुरू होते. १९८४ मध्ये मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा कायद्यात दुरुस्ती झाली आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणून जी यादी त्यात आली, तीत फसव्या जाहिरातीलाही स्थान मिळाले. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. या दोहोंच्या मध्ये, १९८५ साली, जाहिरातदार, जाहिरात संस्था आणि वृत्तपत्रादी माध्यमे यांनी एकत्र येऊन ‘ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली. नाव लांबलचक आहे. आपण तिला नुसते ‘परिषद’ म्हणू. ही सरकारी कचेरी नव्हे. कंपनी कायद्याखाली नोंदलेली, नफा न वाटणारी ती एक खासगी कंपनी आहे. तिने जाहिरातींची एक आचारसंहिता केली. तिचे सार चार वाक्यांत सांगता येईल: जाहिरात खरी असावी, सभ्य असावी, अपायकारक मालाची भलावण करणारी नसावी, आणि प्रतिस्पर्ध्याशी न्यायाने वागणारी असावी. तक्रार आली की ती एका समितीपुढे जाते. समितीत धंद्याबाहेरची माणसेही घेतलेली असतात. समिती दोन्ही बाजू पाहते आणि जाहिरात मागे घ्या, किंवा बदला, असे कळविते.

आता तारखांचा क्रम पुन्हा पाहा. कायदा अंगणात आला आणि धंद्याला आत्मशुद्धीची आठवण झाली! हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. सगळीकडे असेच घडले आहे. आपले घर आपण झाडले नाही तर दुसरा कुणी खराटा घेऊन आत येईल, ही भीती नसती तर स्वनियमन नावाची वस्तू कुठल्याच देशात फारशी वाढली नसती. भीती वाईट नव्हे. भीती संपली म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असते.

वाचकांना यात काही नवीन वाटू नये. आपल्याकडे पेठांमधून शेटे-महाजन असत, तंटे गोतसभेपुढे जात, आणि निवाड्याचा महजर तयार होई. गोताच्या निवाड्याचे बळ कशात होते? एक तर माणसाला गोतातच राहावयाचे होते, आणि दुसरे म्हणजे मागे सरकार उभे होते. पण जो गोताच्या पंक्तीला बसतच नाही, त्याला पंक्तीतून उठविण्याचे भय कसले? परिषदेपुढे नेमका हाच पेच आला. जे जाहिरातदार तिचे सभासदच नाहीत, ते म्हणू लागले, ‘आम्ही तुमची वर्गणी भरलेली नाही, तुमची संहिता मान्य केलेली नाही, मग आमच्या जाहिरातीचा निवाडा करणारे तुम्ही कोण?’ हा सवाल घेऊन कंपन्या मुंबईच्या आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्या.

प्रश्न अगदी रास्त आहे, हे कबूल केले पाहिजे. उद्या आमच्या सोसायटीच्या कमिटीने पलीकडच्या सोसायटीतल्या गृहस्थांना बाल्कनीत कपडे वाळत घालू नका असे फर्माविले तर ते गृहस्थ काय म्हणतील, ते या अंकात छापता यावयाचे नाही.

परिषदेचे उत्तरही ऐकण्यासारखे आहे. ती म्हणते, ‘आम्ही हुकूम करीतच नाही. आम्ही फक्त शिफारस करतो.’ इथे भाषेच्या शिक्षकाने कान टवकारावेत. शिफारस म्हणजे काय? मानली तर मानली, नाही तर राहिली. शिफारशीला तुरुंग नाही आणि दंड नाही. तसे असेल तर भांडण उरतेच कुठे? पण भांडण उरले, आणि त्याचे कारण एका सरकारी नियमात आहे.

केबल दूरदर्शनचे नियम १९९४ मध्ये झाले. २००६ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या सातव्या नियमात एक पोटनियम घालण्यात आला. त्याचा आशय असा की, मुंबईच्या या परिषदेने वेळोवेळी स्वीकारलेल्या संहितेचा भंग करणारी कोणतीही जाहिरात केबल सेवेवर दाखवता येणार नाही. एकच ओळ, पण तिने खासगी कंपनीच्या संहितेला सरकारी नियमाचे कातडे चढविले. यातला ‘वेळोवेळी’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. संहिता आज जी आहे तीच नव्हे. परिषद उद्या तीत जो बदल करील तोही त्याबरोबर नियमात येऊन बसणार. लोकसभेने केलेला कायदा बदलावयाचा तर लोकसभेत जावे लागते. ही संहिता बदलावयाची तर परिषदेची बैठक पुरे. म्हणजे परिषद म्हणते, ‘मी नुसती शिफारस करते’, आणि वाहिनीचा व्यवस्थापक ती शिफारस हाती पडताच म्हणतो, ‘बाबा रे, उद्या सरकार मला विचारील, तुझी जाहिरात मी दाखवीत नाही.’ शिफारस करणारी सासू आणि ती मोडल्यास जाब विचारणारे मामंजी, अशी ही व्यवस्था आहे. सून कुणाकडे दाद मागणार?

न्यायालयांनी या पेचातून मार्ग कसा काढला? २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे ‘कॉमन कॉज’ या संस्थेची याचिका निकाली निघाली. दूरदर्शन आणि रेडिओ यांवरील मजकुरावर देखरेख कोण ठेवतो, असा तिचा विषय. त्या निकालात न्यायालयाने परिषदेच्या या स्वनियमनाची दखल घेतली आणि कायद्याची पायरी चढण्याआधीचा तो एक परिणामकारक उपाय असल्याचे मान्य केले. मात्र तेवढ्यावर न थांबता, सामान्य माणसाने तक्रार कुठे आणि कशी करावयाची याची प्रसिद्धी करा, असे सरकारला बजावले. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात एका टायर कंपनीने परिषदेविरुद्ध दावा लावला होता. दुसऱ्याच्या जाहिरातीची नक्कल केल्याची तक्रार तिच्याविरुद्ध परिषदेकडे आली होती. अशा तक्रारीचा विचार करण्याचा परिषदेला अधिकारच नाही, हे कंपनीचे म्हणणे न्यायालयाला पटले नाही. पण याचा अर्थ परिषद हीच शेवटची पायरी, असाही नव्हे. प्रतिस्पर्धी कंपन्या आजही सरळ दिवाणी न्यायालयाचे दार ठोठावतात आणि ते त्यांना उघडे असते. २०१० मध्ये एका धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत दुसऱ्या पावडरीचे नाव घेऊन तिला खाली पाहावयास लावले, तेव्हा प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले आणि जाहिरात थांबली. थोडक्यात, न्यायालयांनी परिषदेला घरात बसावयास पाट दिला, घराची किल्ली दिली नाही.

जाहिरातदाराच्या भात्यात आणखी एक बाण असतो: भाषणस्वातंत्र्य. जाहिरात म्हणजे बोलणेच की नाही? १९५४ मध्ये जादूटोण्याची औषधे आणि असाध्य रोग बरे करण्याचे दावे यांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. त्याला दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने आव्हान दिले. १९५९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातला काही भाग रद्द केला. पण मुख्य मुद्द्यावर सांगितले की, निषिद्ध औषधाचा व्यापार वाढविणारी जाहिरात ही घटनेला अभिप्रेत असलेल्या भाषणस्वातंत्र्याच्या कक्षेत येत नाही. पुढे १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या ‘यलो पेजेस’च्या खटल्यात त्याच न्यायालयाने जाहिरातीचा मान वाढविला. व्यापारी भाषण हेही भाषणच. ते ऐकण्याचा ग्राहकालाही हक्क आहे. मात्र खोट्या आणि फसव्या जाहिरातीला हे कवच नाही, अशी ती भूमिका. वाचकहो, यातले मधले वाक्य विसरू नका. जाहिरात ऐकण्याचा हक्क आपला आहे. मग ती खरी ऐकावयास मिळण्याचा हक्क दुसऱ्या कुणाचा असणार?

हे कोडे फक्त आपल्याच वाट्याला आले असे मात्र नाही. ज्या विलायतेकडून आपण न्यायालयांची रीत उचलली, तिथेही १९६२ मध्ये धंद्याने स्वतःची जाहिरात प्राधिकारी संस्था स्थापन केली. तीही खासगीच. १९८९ मध्ये एका विमा कंपनीने तिच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. संस्था खासगी असेल तर न्यायालयाने तिच्या कारभारात नाक का खुपसावे? न्यायालयाने उलट विचार केला. ही संस्था नसती तर हेच काम एखाद्या सरकारी अधिकाऱ्याला करावे लागले असते. म्हणजे काम सार्वजनिक आहे. आणि जो सार्वजनिक काम करतो त्याने न्यायाच्या रीती पाळल्या की नाही हे आम्ही तपासू. मला हा विचार फार शहाणपणाचा वाटतो. पंचाच्या डोक्यावर पागोटे सरकारी आहे की घरचे, हे पाहू नये. तो निवाडा करतो आहे, एवढे पाहावे.

अमेरिकेतले उदाहरण याहून मौजेचे आहे. तिथल्या प्रसारकांच्या राष्ट्रीय संघाने दूरदर्शनसाठी स्वतःची संहिता केली होती. तासात किती मिनिटे जाहिरात दाखवावी, कार्यक्रम किती वेळा तोडावा, हे तीत ठरलेले होते. मिनिटाहून लहान जाहिरातीत दोन निरनिराळ्या वस्तू दाखवू नयेत, असाही एक नियम होता. ऐकणाराला वाटेल, वा! किती संयम हा! आपल्या मालिकांना असा संयम कुणी शिकविला तर आपण त्याची पाद्यपूजा करू. पण १९७९ मध्ये अमेरिकन सरकारच्या न्याय खात्याने या संघावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. खात्याचे म्हणणे असे की, जाहिरातीची मिनिटे मुद्दाम तुटपुंजी ठेवून तुम्ही त्यांचा भाव वर ठेविता. १९८२ मध्ये न्यायाधीश हॅरॉल्ड ग्रीन यांनी दोन वस्तूंसंबंधीचा तो नियम बेकायदा ठरविला. एका छोट्या जाहिरातीचा खर्च दोन वस्तूंवर वाटून घेण्याची सोय त्या नियमाने हिरावून घेतली होती, आणि ही सोय लहान जाहिरातदारालाच अधिक हवी होती. त्यानंतर संघाने संहिताच गुंडाळून ठेविली. प्रेक्षकांच्या सोयीचे म्हणून मिरविणारे व्रत खरोखर कुणाच्या पारण्यासाठी होते, हे न्यायालयात गेल्याशिवाय उलगडले नाही.

कुंपणाचा हा दुसरा दोष. कधी ते फार ठेंगणे असते आणि गुरे उडी मारून आत येतात. कधी ते फार उंच असते आणि गरीब शेजाऱ्याची वाटच बंद होते. दोन्ही वेळा कुंपण घालणारा म्हणतो की हे शेताच्या भल्यासाठीच आहे.

आता पुन्हा आपल्या शेताकडे वळू. आतापर्यंत जी भांडणे सांगितली त्यांत एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी आली असेल. ‘कॉमन कॉज’ वगळली तर न्यायालयात जाणारे बहुतेक सारे विकणारे होते. विकत घेणारा कुठेच नाही. टायरवाला आला, पावडरवाला आला, विमावाला आला. ज्याने टायर, पावडर आणि विमा घेतला, तो घरी बसून जाहिरात पाहत होता. म्हणून याला जे दोन अपवाद झाले त्यांची आठवण ठेवली पाहिजे.

पहिला अपवाद आपल्या मराठवाड्यातला. दूरदर्शन वाहिन्यांवरून घरी आणून पूजावयाच्या ‘यंत्रां’च्या जाहिराती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. यंत्र घरात आले की कर्ज फिटते, रोग पळतो, मुलगी सुस्थळी पडते. औरंगाबादच्या एका शिक्षकाने या जाहिरातींविरुद्ध उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे याचिका केली. २०२१ च्या जानेवारीत निकाल लागला. चमत्कारी गुणांचा दावा करून अशा वस्तू विकणे आणि त्यांची जाहिरात करणे हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि अशा जाहिराती दाखविल्या जाऊ नयेत म्हणून देखरेखीची व्यवस्था करण्यास सांगितले. एका शिक्षकाने हे केले याचा, त्याच पेशातला म्हणून, मला थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी. पण विचार असा येतो की संहिता होती, परिषद होती, सरकारचा नियम होता. तरी त्या यंत्रांच्या जाहिराती कितीतरी काळ आपल्या घरांत येतच होत्या. कुंपण होते, पण कुणीतरी उठून ‘हात्‌ हात्‌’ म्हणेपर्यंत गुरे शेतातच होती.

दुसरा अपवाद अधिक गाजला. भारतीय वैद्यक संघटनेने २०२२ मध्ये पतंजली आयुर्वेदच्या जाहिरातींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. दुर्धर रोग बरे करण्याचे दावे आणि आधुनिक वैद्यकाची निंदा हा तक्रारीचा विषय. पुढे प्रकरण न्यायालयाच्या अवमानापर्यंत गेले. २०२४ च्या एप्रिलमध्ये कंपनीने वृत्तपत्रांतून माफी छापली, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारले की, ही माफी तुमच्या जाहिरातींइतक्याच आकाराची आहे काय? दुसऱ्या दिवशी माफी मोठी होऊन आली. भाषेच्या वर्गात मी हे उदाहरण सांगतो. अर्थ शब्दांत असतो हे खरे, पण कधी कधी तो टाइपाच्या आकारातही असतो. ‘अटी लागू’ लिहिणाराला हे पहिल्यापासूनच ठाऊक होते.

याच प्रकरणात ७ मे २०२४ रोजी न्यायालयाने आणखी एक आदेश दिला. कोणतीही जाहिरात छापण्यापूर्वी किंवा दाखविण्यापूर्वी जाहिरातदाराने ती फसवी नसल्याचे स्वयंघोषणापत्र सरकारी संकेतस्थळावर भरावे. धंद्यात एकच हलकल्लोळ झाला. लहान दुकानदाराने दिवाळीच्या सेलच्या चार ओळींसाठीही कागद भरावयाचा काय? पुढे सरकारच्या सूचनेने ही अट खाद्यपदार्थ आणि आरोग्य या क्षेत्रांपुरती राहिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते सारे प्रकरणच न्यायालयाने बंद केले. गंमत पाहा: स्वनियमन पुरे पडत नाही म्हणून लोक न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने जे औषध दिले त्याचे नाव ‘स्वयंघोषणा’! ‘स्व’ काही पिच्छा सोडत नाही. कारणही उघड आहे. एवढ्या मोठ्या देशात रोज किती जाहिराती निघत असतील! त्या प्रत्येकीच्या पाठीमागे शिपाई धावू शकत नाही. पहिला पहारा धंद्याचाच असावा लागतो. वाद आहे तो एवढाच की पहारेकऱ्याला झोप लागली तर त्याला उठविणारा कुणी आहे की नाही.

तसा कुणीतरी आता कायद्याने नेमला आहे. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैमध्ये अमलात आला आणि त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्याला आहे. हो, इथेही ‘पर्यंत’ आहेच. पण या खेपेला ते अव्यय आपल्या बाजूचे आहे. जाहिरातीत चेहरा देणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींवरही जबाबदारी आली. आपण ज्या वस्तूची वाखाणणी करतो तिची पुरेशी शहानिशा न करणाऱ्या नटाला किंवा खेळाडूला वर्षभर, आणि पुन्हा तसे केल्यास तीन वर्षांपर्यंत, जाहिराती करण्यास बंदी होऊ शकते. २०२२ च्या जूनमध्ये फसव्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये खास शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी निराळी तत्त्वे आली.

या शेवटच्या गोष्टीचे मला विशेष बरे वाटले, त्याला कारण आहे. आमच्या कॉलेजातली एक हुशार मुलगी परीक्षेत चमकली, आणि आठवड्याच्या आत तिचा तोच फोटो गावातल्या दोन निरनिराळ्या क्लासांच्या फलकांवर झळकला. दोघांनीही तिला ‘घडविली’ होती. तिच्या वडिलांना रस्त्यात गाठून मी अभिनंदन केले आणि विचारले, “काय हो, दोन-दोन क्लास?” ते म्हणाले, “सर, एका क्लासात ती शेवटचे पंधरा दिवस सराव परीक्षेला जात होती. दुसऱ्यात तिची मावसबहीण जाते.” मी म्हटले, “मग तक्रार करा की.” ते हसले. “जाऊ द्या हो. धाकट्याला पुढच्या वर्षी त्यांच्याकडेच घालायचं आहे.”

या ‘जाऊ द्या हो’मध्ये साऱ्या स्वनियमनाचे आणि साऱ्या कायद्याचेही मर्म आहे. परिषद स्वतः होऊनही जाहिराती तपासते. प्राधिकरणही स्वतः होऊन हलू शकते, तरी दोघांनाही कुणीतरी जागे करावे लागते. आणि आपण मध्यमवर्गीय माणसे फसलो तर प्रथम लाजतो, मग चिडतो, मग शेजाऱ्याला सांगतो, आणि शेवटी जाऊ देतो. विकणारे मात्र एकमेकांचे काहीच जाऊ देत नाहीत. म्हणून न्यायालयात त्यांच्या हक्कांची चर्चा जितकी झाली, तितकी आपल्या नुकसानीची झाली नाही. त्यात जाहिरातीचे आयुष्य ते किती? दिवाळीची जाहिरात दोन आठवडे जगते. तिच्यावरची तक्रार, दुसऱ्या बाजूचे उत्तर, समितीची बैठक हे होईपर्यंत आकाशकंदील उतरलेला असतो. त्यानंतरची ‘जाहिरात मागे घ्यावी’ ही शिफारस म्हणजे वरातीमागून घोडे.

माझे मत विचाराल तर ते असे. परिषद असावी. तिच्यामुळे पुष्कळ तंटे कोर्टाची पायरी न चढता मिटतात, आणि धंद्यातल्या माणसाला धंद्यातली लबाडी लवकर कळते, हेही खरे. पण जो निवाडा करतो त्याचा निवाडाही तपासता आला पाहिजे. परिषदेची संहिता सरकारी नियमाच्या बळावर चालणार असेल, तर तिच्यातल्या बदलांवर लोकांना बोलावयाचा अधिकार हवा. आणि आरोग्य, शिक्षण व बचत या तीन बाबतींत नुसती शिफारस पुरे पडणार नाही. तिथे वेळीच थांबविण्याचा हुकूम पाहिजे, आणि हुकूम सरकारनेच करावयाचा असतो. कुंपण धंद्याने जरूर घालावे. राखणदार मात्र धन्याचा असावा, आणि या शेताचे धनी आपण आहोत.

धन्याने तरी काय करावे? काम मोठे नाही. फसवी वाटणारी जाहिरात फाडून फेकू नये. तारीख घालून जपून ठेवावी, मोबाइलवर दिसली तर तिचे चित्र टिपून ठेवावे. नेमके कोणते वाक्य खोटे, हे दोन ओळींत लिहावे. परिषदेकडे ग्राहकाला फुकट तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि नव्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडेही फसव्या जाहिरातीची तक्रार नेता येते. लिहिताना ‘पर्यंत’, ‘मदत’, ‘हमखास’ अशा शब्दांखाली रेघ मारावी. शाळेत आपल्याला व्याकरण शिकविले ते सगळेच काही वाया गेलेले नाही.

असो. फराळाच्या वेळी फार शहाणपण सांगू नये. आता पान उलटा. पलीकडे जी जाहिरात असेल ती अवश्य पाहा, आवडली तर वस्तूही घ्या. फक्त तळाची बारीक ओळ वाचून घ्या. दिवाळी आपणा सर्वांना सुखाची जावो, आणि या शुभेच्छेला कोणत्याही अटी लागू नाहीत.